दुधाचं बिल, उसाचं बिल आणि आपला ईएमआय

मूल झालं की घरात आधी पाळणा येतो, मग डायपर आणि पाठोपाठ ‘चाइल्ड प्लॅन’वाल्याचा फोन! पण लेकरासाठी पैशाचं प्लॅनिंग करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला त्याचं उत्तर माहेरी, मुरगूडला, एका जुन्या पासबुकात सापडलं.

लेकीचा पहिला वाढदिवस होता. थीम जंगलाची. हॉलभर हिरवे फुगे, केकवर साखरेचा सिंह आणि सोसायटीतली दोन डझन पोरं. केक कापून अर्धा तास झाला नसेल, तोच नवऱ्याच्या ओळखीतले एक गृहस्थ प्लेट बाजूला ठेवून ब्रोशर घेऊन सरसावले. ‘‘वहिनी, टेडी काय, दोन वर्षांत फाटतो. मुलीला असं गिफ्ट द्या, की तिनं आयुष्यभर नाव काढलं पाहिजे!’’ ब्रोशरवर पदवीची काळी टोपी घातलेली एक हसरी मुलगी. वर्षाला साठ हजार भरायचे, मुलगी अठराची झाली की एकरकमी पैसे हातात. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पाहुणे ताटकळलेले, आइस्क्रीम वितळायला लागलेलं. सही करून टाकली.

त्या रात्री काय छान झोप लागली! आपण ‘जबाबदार आईबाप’ झालो होतो ना...

गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, नवऱ्याच्या कंपनीनं त्याची अख्खी टीम एका मेलवर घरी पाठवली. नवी नोकरी मिळायला चार महिने लागले. फ्लॅटचा हप्ता साडेछत्तीस हजार, शिवाय पाळणाघर, पेट्रोल, कामवाल्या मावशी, किराणा असं सगळं धरून आमचं घर महिन्याला ऐंशी हजार खातं. बचत खात्यात होते एक लाख दहा हजार. मी फ्रीलान्सर. लेख छापून आला तरी मानधन कधी तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनी. दुसऱ्या महिन्यात किराणा क्रेडिट कार्डावर आला. तिसऱ्या महिन्यात त्या ‘गिफ्ट’चा साठ हजारांचा हप्ता दारात उभा राहिला. त्याच आठवड्यात लेकीला तापामुळे अॅडमिट करायची वेळ आली, तेव्हा कळलं की कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच गेलाय!

म्हणजे बघा, पंधरा-सोळा वर्षांनी लागणाऱ्या कॉलेजची सोय झाली होती. पुढच्या महिन्याच्या दुधाची नव्हती.

नवऱ्याला नोकरी मिळाली, कार्डाचं बिल हळूहळू फिटत आलं, पण पोटातला गोळा काही जाईना. शेवटी एका शुक्रवारी लेकीला घेतलं, एसटी पकडली आणि सरळ माहेर गाठलं.

दुधावर चूल, उसावर घर

मुरगूड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं, नगरपालिका असलेलं छोटं शहर. सर पिराजीराव तलाव, चहूकडे ऊस आणि पंचक्रोशीत बिद्री आणि हमीदवाडा असे दोन साखर कारखाने. इथं ‘फायनान्शियल प्लॅनिंग’ हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. पण शेजारच्या काकीची वही बघितली आणि मी चाटच पडले.

वहीच्या एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला ऊस. दूध सकाळ-संध्याकाळ गावातल्या दूध संस्थेत घालायचं, फॅट लागेल तसा दर. ‘गोकुळ’, म्हणजे १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. त्याच्या संस्थांमधून दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. पेंडीचे पैसे वजा होऊन उरलेले हातात. थोडक्यात, महिन्याला तीन पगार! उसाचं सगळं उलटं. लावण केल्यापासून वर्ष-दीड वर्षानं ऊस तुटणार. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण ते कधी वेळेवर येतात, कधी वाट बघायला लावतात. आणि त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं.

काकीच्या वहीत दुधाच्या बाजूला तेल, चहापूड, लाइटबिल, पोराचा एसटीचा पास. उसाच्या बाजूला घराची स्लॅब, थोरल्याची डिप्लोमाची फी, बोअर. एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूला कुठंही नाही.

‘‘काकी, कमी पडलं तर यातले त्यात घालत नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘खुळी का काय तू!’’ काकी हसली. ‘‘दुधाच्या पैशावर चूल आन् उसाच्या पैशावर घर. एकदा का उसाचं पैसं चुलीत गेलं, की पोराच्या फीला म्हस इकाय लागती बघ.’’

आता आपलं घर बघा. एक तारखेला पगार, एकच खातं. त्याच खात्यातून ईएमआय, पिझ्झा, पॉलिसी, पाळणाघर आणि रात्री अकरा वाजता मोबाइलवर घेतलेले बूट. यूपीआयमुळे तर पैसे गेल्याचा आवाजही येत नाही, नुसती टिंग होते! महिनाअखेरीला जे उरेल ती बचत. आणि उरत काहीच नाही.

काकीचं शास्त्र शहरी भाषेत सांगायचं तर एवढंच : पैसा कधी लागणार आहे, त्यावर तो कुठे ठेवायचा हे ठरतं. जास्त परतावा कुठे, हा प्रश्न त्यानंतरचा. वर्षभरात लागू शकणारा पैसा हा दुधाचा पैसा. तो बचत खात्यात, मोडता येईल अशा एफडीत किंवा लिक्विड फंडात हवा. एक ते पाच वर्षांत लागणारा, म्हणजे शाळाप्रवेश, घरदुरुस्ती किंवा गाडीचं डाउन पेमेंट, हा एफडी-आरडीत. तो शेअर बाजारात नको, कारण नेमकं फी भरायच्या महिन्यात मार्केट पडलं तर शाळा थांबत नाही. आणि दहा वर्षांपलीकडे लागणारा तो उसाचा पैसा. त्याला उभं राहायला वेळ आहे, म्हणून त्याला वाढू द्यायचं.

पहिलं काम दुधाच्या पैशाचं. किमान सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, बाजूला. घरात एकाचीच कमाई असेल किंवा माझ्यासारखं फ्रीलान्सिंग असेल, तर नऊ महिन्यांचा. आमचा सहा महिन्यांचा आकडा आला चार लाख ऐंशी हजार! एकदम जमणार नाही, हे दिसतच होतं. मग आधी एका महिन्याचं टार्गेट ठेवा, मग दुसऱ्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र ती आधी फेडा. तिथं महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. असला परतावा जगातला कुठलाही फंड तुम्हाला देणार नाही.

आणि त्या ओसरीवर बसल्या बसल्या आमच्या घराचं कोडंही सुटलं. नवऱ्याचा पगार म्हणजे दूध, माझं मानधन म्हणजे ऊस! आम्ही दोन्ही एकाच चुलीत घालत होतो.

अप्पांचं पासबुक

रात्री लेक झोपल्यावर आईनं ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, एक निळं पासबुक होतं. त्यावर माझं नाव, अप्पांच्या अक्षरात.

अप्पांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. पंप जळाले की शेतकरी त्यांच्याकडे यायचे. रोज संध्याकाळी पिग्मीवाले काका यायचे आणि अप्पा गल्ल्यातून तीस रुपये काढून द्यायचे. ‘‘पोरीच्या शिक्षणाला,’’ असं दर वेळी म्हणायचे, पिग्मीवाल्या काकांना ते पाठ झालं होतं. पिग्मीची ही पद्धत तशी जुनी. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, ती सुरू केली आणि आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती गल्लोगल्ली नेली. ज्याच्या हातात रोज थोडी नाणी पडतात, त्याला बचतीची सवय लावणारी दुसरी इतकी सोपी गोष्ट मला माहीत नाही.

२००८ मध्ये अप्पा गेले. हार्ट अॅटॅक. वय ३९. मी अकरा वर्षांची. पासबुकात तेव्हा एकेचाळीस हजार होते. आणि पुढच्याच वर्षी ती पतसंस्था अडचणीत आली. आई सहा वर्षं हेलपाटे घालत होती. कधी दोन हजार मिळायचे, कधी पाचशे, कधी नुसता चहा. एकूण आले एकोणीस हजार. माझ्या बारावीनंतरच्या अॅडमिशनला आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आईनं दोन म्हशी घेतल्या आणि दुधाच्या बिलावर मला मास कम्युनिकेशनची डिग्री मिळवून दिली.

‘‘तुझ्या अप्पांनी कष्ट कमी केलं न्हाईत,’’ आई म्हणाली, ‘‘पैसं कुठं ठेवल्यात, ते बघायचं ऱ्हायलं.’’

हे मी कुणावर राग म्हणून लिहीत नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्थाही भरपूर आहेत. पण एक फरक आपल्यातल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतो. बँकेतल्या ठेवींना, मग ती सरकारी असो, खासगी असो की सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाखांपर्यंत. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. पतसंस्था मात्र सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्या बँका नव्हेत, आणि हा विमा त्यांच्या ठेवींना लागू नाही. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते या जोखमीपोटी, हे लक्षात ठेवूनच लेकराच्या नावचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरवा.

आणि पिग्मी? ती सोडू नका. फक्त पिग्मीवाल्या काकांच्या जागी ऑटो-डेबिट आणा. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप बाजूला गेले पाहिजेत, आपल्याला मोह होण्याआधी.

सहा लाखांचं कव्हर, बेचाळीस लाखांचं कर्ज!

अप्पांची एक विमा पॉलिसी होती, पन्नास हजारांची. म्हणजे एका कर्त्या माणसाच्या पुढच्या वीस वर्षांच्या कमाईची किंमत, पन्नास हजार. ‘त्या काळात कुणाला कळत होतं’ असं म्हणून मी मान हलवली. आणि मग मोबाइलवर आमची ती वाढदिवसाची पॉलिसी उघडली.

वर्षाला साठ हजारांचा हप्ता, विमा संरक्षण सहा लाख. आमचं गृहकर्ज शिल्लक बेचाळीस लाख. उद्या नवऱ्याला काही झालं तर? सहा लाखांत आमचा साडेसात महिन्यांचा घरखर्च निघाला असता. त्यानंतर काय, म्हशी घ्यायच्या आणि वाकडमधल्या सातव्या मजल्यावर बांधायच्या? सतरा-अठरा वर्षांनी मी अप्पांचीच चूक केली होती, फक्त आकडे मोठे होते आणि ब्रोशर गुळगुळीत होतं.

‘आपल्याला काय होतंय?’ ही आपल्या पिढीची सगळ्यात महागडी पॉलिसी आहे. तिशीत, बाळ लहान असताना, कर्ज नवंकोरं असताना लागतो तो साधा टर्म इन्शुरन्स. माणूस राहिला तर पैसे परत नाहीत, गेला तर घराला मोठी रक्कम. ‘पैसे फुकट गेले’ असं वाटू देऊ नका. टू-व्हीलरचा विमा भरल्यावर अॅक्सिडेंट झाला नाही म्हणून आपण हळहळतो का? किती रकमेचा घ्यायचा? ढोबळ हिशेब असा : वर्षाच्या कमाईच्या दहा ते पंधरा पट, अधिक उरलेलं सगळं कर्ज. नवऱ्याला एक कोटीच्या कव्हरसाठी वर्षाला बारा हजारांच्या आसपास कोटेशन आलं. वय, तब्येत, सिगारेट यांवर ते बदलतं, म्हणून फॉर्मवर खरं लिहा. लपवाछपवी केली तर त्याची फळं मागे राहिलेल्यांना भोगावी लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा पॉलिसींवरचा जीएसटीही गेला आहे. घरात बसून बाळ सांभाळणाऱ्या जोडीदाराचाही विमा काढा. ती किंवा तो नसेल, तर पाळणाघर आणि स्वयंपाकाचं बिल कोण भरणार?

आधीची पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका. आज मोडली तर किती मिळतील, हप्ते थांबवून ठेवली तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा आणि नवी टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच ठरवा. नवीन घेताना पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करायची सोय असते. ते ३० दिवस खरोखर कागद वाचायला वापरा.

मेडिक्लेमचंही तेच. ऑफिसचा असला तरी स्वतःचा फॅमिली फ्लोटर हवाच, बाळाचं नाव घातलेला. नोकरी जाईल त्या दिवशी ऑफिसचा मेडिक्लेमही जातो, हे आम्ही हॉस्पिटलच्या काउंटरवर शिकलो.

आणि हो, घरी कामाला येणाऱ्या मावशींना हेही सांगा : बँक खातं असेल तर १८ ते ५० वयात प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो आणि सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. त्यांच्या घरीही लेकरं आहेत.

सोळा वर्षांनंतरचं कॉलेज

आता उसाचा पैसा. लेक दोन वर्षांची आहे, कॉलेजला सोळा वर्षं. आज ज्या कोर्सला दहा लाख लागतात, त्याचा खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला तर सोळा वर्षांनी चौतीस लाख होतो. घाबरलात? मी पण घाबरले होते. पण पुढचा हिशेब बघा. वर्षाला सरासरी दहा टक्के वाढ गृहीत धरली, तर चौतीस लाखांसाठी आजपासून महिन्याला सुमारे ७,२०० रुपये लागतात. ‘बघू, शाळेत गेल्यावर’ म्हणून पाच वर्षं थांबलात, तर त्याच रकमेसाठी महिन्याला सुमारे १४,२००. थांबण्याची किंमत ही अशी, जवळजवळ दुप्पट!

अर्थात दहा टक्के हे गृहीत आहे, गॅरंटी कुणीच देत नाही. म्हणून सगळा ऊस एकाच रानात लावू नये. मुलगी असेल तर त्यातला एक भाग सुकन्या समृद्धी योजनेत टाकता येतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात किंवा बँकेत खातं उघडायचं. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये. भरायचं १५ वर्षं, खातं पूर्ण होतं उघडल्यापासून २१ वर्षांनी. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. व्याज करमुक्त. सुरुवातीला दर ९.१ टक्के होता, मधे ७.६ पर्यंत उतरला, जानेवारी २०२४ मध्ये ८.२ झाला. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा २१ वर्षांचा हिशेब एकाच दरानं मांडून हुरळून जाऊ नका. आणि हे पैसे अडकतात, म्हणून दुधाचा पैसा इथे मुळीच टाकायचा नाही. मुलगा असेल तर पीपीएफ आहे, १५ वर्षांचं. मात्र तुमचं आणि तुम्ही चालवत असलेलं मुलाचं खातं मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच.

उरलेला भाग इंडेक्स फंडासारख्या साध्या इक्विटी फंडात, एसआयपीनं. कॉलेज तीन वर्षांवर आलं की तो हळूहळू एफडीत आणायचा. तोवर तो पैसा चुलीपाशी आणायचा नाही, मग मार्केट कितीही नाचो!

एक कडू गोष्ट. लेकराच्या शिक्षणासाठी स्वतःच्या म्हातारपणाचा पैसा मोडू नका. नोकरी बदलताना पीएफ काढून फी भरणारे माझ्या ओळखीत चौघं आहेत. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुठलीही बँक देत नाही. मग ते कर्ज फेडतात आपलीच मुलं, दर महिन्याला, आपल्या औषधांच्या रूपानं.

नाव कुणाचं लावलंय?

अप्पांच्या त्या पन्नास हजारांच्या पॉलिसीवर नॉमिनी होती आजी. पॉलिसी लग्नाआधीची, पुढे नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आजीनं अंगठा केला, पैसे मिळाले आणि तिनं ते मोजूनही न बघता आईच्या ओटीत घातले. आमचं नशीब. प्रत्येक घरात अशी आजी नसते.

तुमच्या पीएफवर कुणाचं नाव आहे? पहिल्या नोकरीत फॉर्म भरताना बहुतेकांनी आईचं किंवा वडिलांचं टाकलेलं असतं. आज बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक असं सगळीकडे धरून चालू नका. शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी वारसांची जागा घेत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. म्हणून मृत्युपत्र. तिशीत? हो, तिशीतच! साध्या कागदावर चालतं, स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या समोर सही आणि त्यांच्या सह्या. आपण दोघंही नसलो तर लेकराला कुणी सांभाळायचं, हेही त्यात लिहिता येतं. ज्याचं नाव लिहाल, त्याला आधी विचारा एवढंच.

अल्पवयीन मुलाला पॉलिसीवर नॉमिनी केलंत तर त्याच्या वतीनं पैसे घेणारी मोठी व्यक्ती नेमावी लागते. आणि विवाहित पुरुषांसाठी एक जुना, पण जबरदस्त कायदा आहे : १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. टर्म पॉलिसी घेतानाच त्याखाली घेतली, तर ते पैसे बायको-मुलांचेच, सावकार किंवा बँक त्यांना सहसा हात लावू शकत नाही. फॉर्मवर एक खूण करायची असते. एजंटला विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

अडीचशे रुपये

शनिवारी सकाळी मी लेकीचा जन्मदाखला, माझं आधार, पॅन अशा सगळ्या झेरॉक्स घेऊन पोस्टात निघाले. आई म्हणाली, ‘‘थांब, मी पन येतो.’’ कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात. आदल्याच दिवशी तिचं दुधाचं बिल झालं होतं. खिडकीशी उभं राहून तिनं कनवटीची पिशवी सोडली, दोनशेची एक आणि पन्नासची एक नोट काढली आणि नातीच्या हातात दिली.

‘‘आई, दुधाचे पैसे चुलीला ना?’’ मी चिडवलं.

‘‘ह्ये पेंडीतनं वाचवलंय,’’ ती म्हणाली.

नवीन पासबुकावर लेकीचं नाव आलं. घरी आल्यावर मी ते अप्पांच्या पासबुकाशेजारी ठेवून बघितलं. मग आईला पाच गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या : आमच्या पॉलिसी कुठल्या, खाती कुठं, नॉमिनी कोण, कर्ज किती, फोन कुणाला करायचा. तिनं तो कागद नीट घडी करून शालूत ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

चौकट : या रविवारी एक तास काढा

• दोन खाती करा. एक चुलीचं, एक लेकराचं. लेकराच्या खात्याचं कार्ड आणि यूपीआय काढूच नका.

• सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आकडा फ्रीजवर चिकटवा. किती जमलं, दर महिन्याला लिहा.

• दोघांच्या टर्म कव्हरची रक्कम आणि उरलेलं कर्ज शेजारी शेजारी लिहा. कव्हर छोटं असेल, तर बाकी सगळं नंतर.

• पीएफ, बँक, पॉलिसी, फंड, सगळीकडचे नॉमिनी तपासा.

• ठेवी कुठे आहेत बघा. बँक की पतसंस्था? एका बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त तर नाहीत?

• वाढदिवसाच्या पार्टीत कुठल्याही कागदावर सही करू नका. सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जा. फुकट सल्ल्याचे पैसे कमिशनमधून वसूल होतात.